पाचामुखी परमेश्वर : 'पायथन'च्या कारभाराची गोष्ट

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी सध्या कोणी ना कोणी 'पायथन' शिकत असतं. हायस्कूलमधली मुलगी शाळेतल्या विषयासाठी, कॉलेजातला मुलगा डेटा सायन्ससाठी, आणि हल्ली तर निवृत्त झालेले काकासुद्धा डोकं चालतं राहावं म्हणून. ही संगणकाची भाषा फुकट मिळते. तिचा आतला सगळा मजकूर कोणालाही वाचता येतो आणि कोणालाही तिच्यात बदल सुचवता येतो. यालाच ओपन सोर्स म्हणतात, मराठीत मुक्तस्रोत. पण मंडळी, एक प्रश्न मुलं सहसा विचारत नाहीत आणि आपणही विचारत नाही. जगातल्या कोणालाही बदल सुचवता येत असेल, तर 'हा घ्यायचा, हा नाही' हे ठरवतं कोण? आणि ज्याची सूचना फेटाळली, तो रुसून निघून कसा जात नाही?

मी गेली पंचवीस वर्षं परदेशात सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे आणि पायथन ही माझी रोजची मीठभाकरी आहे. ही भाषा घडवणाऱ्यांपैकी मी नाही, नुसता वापरणारा. पण त्यांचे प्रस्ताव, हरकती आणि निकाल वाचायची मला सवय लागली आहे. दुसरीकडे मंडळाच्या वार्षिक सभाही मी पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून फार लांब नाहीत असं माझं मत होत चाललं आहे. इथे तांत्रिक भाग बेताचाच आहे, तेव्हा संगणकाशी ज्यांचा संबंध फक्त नातवंडांशी व्हिडिओवर बोलण्यापुरता येतो, त्यांनीही पान उलटू नये ही विनंती.

'आपलं मत कळवा'

सूचना लेखी मागवायच्या, सर्वांसमोर ठेवायच्या आणि मग ठरवायचं, ही पद्धत पायथनपेक्षा जुनी आहे. तिचं मूळ १९६९ सालात सापडतं. अमेरिकी सरकारच्या पैशातून 'आर्पानेट' नावाचं संगणकांचं जाळं उभं राहत होतं. आजच्या इंटरनेटची ती आजीच म्हणा. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या संगणकांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलायचं, हे ठरवायचं काम काही पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडलं. त्यांत लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला स्टीव्ह क्रॉकर होता.

या पोरांना कोणी रीतसर अधिकार दिलेला नव्हता. उद्या कोणी मोठा माणूस येईल आणि 'तुम्हाला कोणी विचारलं होतं?' म्हणेल, अशी धास्ती होती. म्हणून ७ एप्रिल १९६९ रोजी क्रॉकरने जो पहिला कागद काढला, त्या मालिकेला त्याने 'नियम' किंवा 'आदेश' असं नाव न देता 'मतं मागवण्याची विनंती' असं नाव दिलं. त्याची इंग्रजी आद्याक्षरं म्हणजे 'आरएफसी'. क्रॉकरने पुढे सांगितलं आहे की मित्रांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने हे लिखाण रात्री बाथरूममध्ये बसून केलं. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या कागदात त्याने लिहिण्याचे नियमही घालून दिले. विचार अर्धाकच्चा असला तरी चालेल, कागद एका वाक्याचा असला तरी चालेल, पण आपल्या मनाशी ठेवू नका, लिहून पाठवा. लिहिलेलं म्हणजे शेवटचं, असं कोणी समजू नये हा त्यामागचा हेतू होता.

इंटरनेट ज्या नियमांवर चालतं, त्यांतले बहुतेक मूळ नियम याच मालिकेतून आले. पुढची जवळजवळ तीस वर्षं, १९९८ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत, जॉन पोस्टेल या माणसाने हे कागद निगुतीने सांभाळले. १९९२ साली या क्षेत्रातले एक ज्येष्ठ, डेव्हिड क्लार्क यांनी एका भाषणात या कारभाराचं सार सांगितलं. ते असं की इथे राजा नको, अध्यक्ष नको आणि मतदानही नको. साधारण एकमत व्हावं आणि कल्पना प्रत्यक्ष चालवून दाखवावी. या मंडळींच्या सभेत आजही हात वर करायला न लावता 'हं' असा हुंकार भरायला सांगतात. ज्या बाजूचा हुंकार मोठा, तिकडे सभेचा कल आहे असं अध्यक्ष ओळखतात. आपल्या सभेत हे करून पाहायला हरकत नाही. निदान आवाज तरी कमी होईल.

सूचक, अनुमोदक आणि हरकती

पायथनचा जन्म १९८९ च्या नाताळच्या सुटीतला. ॲमस्टरडॅमच्या एका गणित-संगणक संशोधन संस्थेत काम करणाऱ्या गिडो व्हान रॉसम या डच तरुणाने सुटीत काहीतरी उद्योग हवा म्हणून ती लिहायला घेतली. नाव घेतलं 'माँटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून. त्याचा अजगराशी संबंध नंतर लोकांनी जोडला. १९९१ मध्ये भाषा सर्वांसाठी खुली झाली. वापरणारे वाढले, सूचना वाढल्या, आणि अंतिम शब्द अर्थातच गिडोंचा राहिला. १९९५ मध्ये सहकाऱ्यांनी थट्टेने त्यांना एक पदवी दिली, 'तहहयात दयाळू हुकूमशहा'. थट्टेतली पदवी पुढे तेवीस वर्षं खरी ठरली.

नुसत्या पत्रव्यवहारात सूचना हरवून जाऊ लागल्या, तेव्हा २००० साली जून महिन्यात बॅरी वॉर्सॉ आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत बसवली. 'पायथन सुधारणा प्रस्ताव', इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पेप'. पेप क्रमांक १ म्हणजे पेप कसा लिहावा याचीच नियमावली. मला विचाराल तर पायथनमधली ही सर्वांत महत्त्वाची वस्तू, खुद्द भाषेइतकीच.

तिचे नियम थोडक्यात सांगतो. प्रस्तावाला कोणीतरी वाली हवा. 'असं व्हायला पाहिजे बुवा' एवढं म्हणून घरी जाता येत नाही. काय बदल हवा, का हवा, आजचं काय अडतं, जुन्या लोकांनी लिहून ठेवलेलं काम यामुळे मोडेल का, हे सगळं लिहायचं. चालवून दाखवता येईल असा नमुना जोडायचा. ज्याचा आतल्या गोटात समावेश नाही, त्याला पुढे आतला एक अनुमोदकही लागू लागला. प्रत्येक प्रस्तावावर त्याची अवस्था लिहिलेली असते: मसुदा, मंजूर, नामंजूर, मागे घेतला, तहकूब, पूर्ण. हे सगळं आपल्याला ओळखीचं आहे. सूचक, अनुमोदक, ठराव, इतिवृत्त.

पण एक नियम मात्र मी आपल्याकडच्या कुठल्याही घटनेत पाहिलेला नाही. प्रस्तावाच्या लेखकानेच विरोधी मतं त्या प्रस्तावात नोंदवायची. दुसरे पर्याय कोणते होते आणि ते का सोडले, हेही त्यानेच लिहायचं. म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडल्याशिवाय तुमचा कागद पुरा होत नाही. आणि नामंजूर झालेला प्रस्ताव फाडून टाकत नाहीत. त्याचा क्रमांक तसाच राहतो, कारणांसकट. दहा वर्षांनी कोणी तीच कल्पना घेऊन आला, तर त्याला म्हणतात, 'आधी अमुक नंबरचा पेप वाचून या, मग बोलू.'

याची दोन उदाहरणं सांगतो. २००३ साली प्रश्न आला की 'अमुक असेल तर हे, नाहीतर ते' असं एका ओळीत लिहायची सोय असावी का. लोक त्यासाठी एक आडवळणाची युक्ती वापरत आणि ती कधीकधी गुपचूप चुकीचं उत्तर देई. सोय हवी असं पुष्कळांना वाटत होतं, पण ती कशी लिहायची यावर डझनभराहून जास्त पाठभेद निघाले. मतदान घेतलं, एकाही रूपाला बहुमत मिळालं नाही आणि प्रस्ताव नामंजूर झाला. शंका असेल तर आहे ते राहू द्यावं, हे पायथनचं तत्त्वच आहे. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच जुन्या युक्तीने एका मुरलेल्या माणसाच्या प्रोग्रॅमलाही दगा दिल्याचं दिसलं. तेव्हा गिडोंनी जुना कागद काढला, त्यातलं एक रूप स्वतः निवडलं आणि विषय मिटवला.

दुसरं उदाहरण २००४ चं. एका नव्या सोयीसाठी गिडोंनी '@' हे चिन्ह निवडलं आणि लोक खवळले. गिडो म्हणाले, तुम्ही सगळे मिळून एक पर्याय आणा, मी विचार करीन. लोकांनी खरोखरच एकी करून पर्याय आणला. गिडोंनी तो वाचला, आपली कारणं दिली आणि '@'च ठेवलं. आज शिकणाऱ्या मुलांना तिथे दुसरं काही असू शकलं असतं हे माहीतही नसतं.

दोन्ही उदाहरणांत पद्धत उत्तम होती, पण शेवटचा घाव एकाच माणसाने घातला आणि त्यामुळे येणारा रागही त्या एकानेच झेलला. घरातल्या कर्त्या माणसाचं असंच असतं. निर्णय बरोबर ठरला तर 'आमच्या घरात असंच असतं', आणि चुकला तर 'आबांनी केलं'. गंमत म्हणजे १ एप्रिल २००९ रोजी सहकाऱ्यांनी एप्रिल फूल म्हणून एक खोटा पेप काढला होता. त्याचा विषय होता गिडोंची निवृत्ती. सगळे हसले. ते गेले तर पुढे काय, याचा खरा कागद मात्र कोणीच लिहिला नाही.

तांदळाची मूठ आणि १२ जुलै

फेब्रुवारी २०१८ मध्ये पेप क्रमांक ५७२ आला. विषय वरवर पाहता क्षुल्लक. स्वयंपाकघरातलं उदाहरण देतो. डब्यातून मूठभर तांदूळ घे. हातात काही आलं का बघ. आलं असेल तर पातेल्यात टाक आणि पुन्हा मूठ घे. पायथनमध्ये 'घेणं' आणि 'बघणं' या दोन वेगळ्या ओळी होत्या. ख्रिस अँजेलिको यांचं म्हणणं, ते एकाच ओळीत करता यावं. त्यासाठी पुढे ':=' हे चिन्ह ठरलं. आडवं धरून पाहिलं तर वॉलरस या सुळेवाल्या समुद्री प्राण्याचे डोळे आणि सुळे दिसतात, म्हणून लोक त्याला वॉलरसच म्हणू लागले.

एका बाजूचे म्हणत, ओळी कमी होतील आणि पुनरुक्ती टळेल. दुसऱ्या बाजूचे म्हणत, पायथनचं सौंदर्य तिच्या साधेपणात आहे, एका ओळीत दोन कामं कोंबली की नवशिक्याचा गोंधळ उडणार. दोन्ही बाजूंत मुरलेले, निरपेक्ष काम करणारे लोक होते. टिम पीटर्स हे जुने जाणते तर अशा चिन्हाबद्दल आधी साशंक होते. त्यांनी आपल्याच जुन्या प्रोग्रॅमांतून ओळी शोधून काढल्या, कुठे फायदा होतो आणि कुठे उलट वाचायला अवघड जातं ते मांडलं, आणि शेवटी ते या प्रस्तावाचे सहलेखक झाले. वाद कसा घालावा याचा तो नमुना होता.

पण एकंदर वाद असा चालला नाही. शेकड्यांनी पत्रं येत राहिली. मसुदा बदलत गेला, शीर्षकसुद्धा बदललं, आणि काही जण दोन मसुद्यांपूर्वीच्या मजकुरावरच भांडत राहिले. उत्तर देऊन झालेला मुद्दा नवा माणूस आला की पुन्हा निघे. चर्चा कधी संपली म्हणायची, याचा नियमच नव्हता. आपल्या सभेत 'आता या विषयावर शेवटचे दोन वक्ते' म्हणायला निदान अध्यक्ष असतात, आणि हॉलचं भाडं नऊ वाजेपर्यंतचंच असतं. इथे हॉलही नव्हता आणि नऊही वाजत नव्हते.

गिडो स्वतः प्रस्तावाच्या बाजूने होते, सहलेखकच होते. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी तो मंजूर केला. आणि १२ जुलै २०१८ रोजी त्यांनी सहकाऱ्यांना एक छोटं पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: एका प्रस्तावासाठी एवढं भांडावं लागावं आणि शेवटी इतक्या लोकांना आपला निर्णय तिरस्करणीय वाटावा, हे मला पुन्हा नको. या पदावरून मी कायमची सुटी घेतो आहे. वारस नेमणार नाही. आता लोकशाही करायची, अराजक करायचं की नवा हुकूमशहा नेमायचा, ते तुम्हीच ठरवा.

मला ते पत्र वाचल्याचं चांगलं आठवतं. ज्या भाषेवर माझा पगार चालत होता, तिला त्या दिवशी धनी उरला नव्हता. आमच्या कचेरीत जेवणाच्या सुटीत सगळे त्यावरच बोलत होते, आणि बहुतेकांचा सूर 'एवढ्याशा चिन्हावरून?' असा होता. माझ्या मते चिन्हावरून नव्हेच. अठरा वर्षं जी पद्धत बिनबोभाट चालली, तिच्यात 'कसं मांडायचं' याचे नियम होते, पण 'कोणी ठरवायचं' या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते उत्तर हाडामांसाचं होतं, थकणारं होतं.

सात घटना, एक निवड

यानंतर जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. राजा गेल्यावर बहुधा दोनच गोष्टी होतात, भाऊबंदकी किंवा पळापळ. इथे लोकांनी तिसरं केलं. कारभार कसा असावा हाच विषय त्यांनी पेपच्या पद्धतीने मांडायला घेतला, म्हणजे सूचक, कारणं, पर्याय आणि हरकती या सगळ्यांसह. आधी दुसऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पांचा कारभार कसा चालतो याची पाहणी करून एक कागद लिहिला. त्यात रस्ट, जँगो, ज्युपिटर अशांची माहिती होती. मग मतदान कसं घ्यायचं याचा वेगळा कागद. आणि मग सात वेगवेगळ्या घटना.

एक म्हणे, पुन्हा एकच प्रमुख असावा. तो कागद बॅरी वॉर्सॉ यांचा. त्यांनी प्रमुखाच्या पदाला असं लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं की आद्याक्षरं जुळवली की 'गिडो' व्हावं! दुसरी म्हणे, तिघांचं त्रिकूट असावं. तिसरी म्हणे, प्रमुख नकोच, जाणकारांनी आपापसांत ठरवावं. चौथी म्हणे, भाषा घडवणाऱ्यांच्या बाहेरची मंडळी पंच म्हणून बसवा. आणि अशाच आणखी तीन. १ ते १६ डिसेंबर २०१८ असं दोन आठवडे गुप्त मतदान झालं. एकावर शिक्का मारून मोकळं व्हायचं नव्हतं, आपल्या पसंतीचा क्रम लावायचा होता. 'आणखी चर्चा करू' हाही एक पर्याय होता. निवडून आला तो पेप ८०१६, नॅथनियल स्मिथ आणि डोनाल्ड स्टफ्ट यांचा. त्याचा बराच मजकूर जँगो प्रकल्पाच्या घटनेतून सरळ उचलला होता आणि लेखकांनी तसं मोकळेपणाने लिहूनही ठेवलं होतं. दुसऱ्याचं चांगलं असेल तर घ्यावं, त्यात कमीपणा कसला?

या घटनेनुसार पाच जणांची सुकाणू परिषद. पाचामुखी परमेश्वर म्हणतात तो असा. परिषदेची मुदत एका मोठ्या आवृत्तीपुरती, मग पुन्हा निवडणूक. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनाहून जास्त सदस्य नकोत, म्हणजे पैसेवाल्या कंपनीला भाषा खिशात घालता येणार नाही. दोन तृतीयांश मतांनी अविश्वासाचा ठराव आणता येतो. आणि मला सर्वांत आवडलेलं कलम असं की परिषदेला अधिकार भरपूर आहेत, पण तिने ते शक्य तितके कमी वापरावेत. जिथे सहमती होईल तिथे होऊ द्यावी, आणि एखाद्या विषयातला जाणकार असेल तर निर्णय त्याच्याकडे सोपवावा.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली परिषद निवडून आली. बॅरी वॉर्सॉ, ब्रेट कॅनन, कॅरल विलिंग, निक कॉग्लन, आणि पाचवे गिडो व्हान रॉसम. पाचांतले एक म्हणून, एका मताचे धनी. वर्षअखेरीच्या पुढच्या निवडणुकीतून त्यांनी आपलं नाव मागे घेतलं.

'नाही' म्हणण्याची रीत

नवी पद्धत खरी आहे की कागदावरची, हे मोठी माणसं तिच्यासमोर उभी राहतात तेव्हा कळतं. २०२० च्या जूनमध्ये गिडो आणि इतर पाच जणांनी एक मोठा प्रस्ताव आणला. हाती आलेल्या माहितीची ठेवण पाहून तिची वाट लावायची सोय त्यात होती. म्हणजे पोस्टात आलेलं पाकीट, पार्सल, मनीऑर्डर ओळखून वेगवेगळ्या खणांत टाकावं तसं. भाषेचा जनकच सूचक म्हणून रांगेत उभा होता. त्याला सवलत मिळाली नाही. हरकती एवढ्या आल्या की लेखकांनी मूळ कागद मागे ठेवून तीन वेगळे लिहिले, एकात नियम, एकात कारणं, एकात शिकवणी. फेब्रुवारी २०२१ मध्ये परिषदेने ते मंजूर केले आणि त्याच वेळी दोन प्रतिस्पर्धी प्रस्ताव नामंजूर केले. त्यांतला एक पहिल्या परिषदेतल्या निक कॉग्लन यांचा होता. दुसरा थॉमस वाउटर्स यांचा, आणि वाउटर्स त्या वेळी परिषदेवर बसलेले होते! आपल्याच सदस्याला परिषदेने 'नाही' म्हटलं. वाउटर्स रुसले नाहीत. ते पुढच्या वर्षीही निवडून आले, आणि नंतर भाषेच्या दोन मोठ्या आवृत्त्या बाहेर काढण्याची जबाबदारीही त्यांनीच सांभाळली.

त्याच एप्रिलमध्ये आणखी एक कसोटी आली. २०१७ साली मंजूर झालेला एक बदल आता सगळ्यांना लागू होणार होता. ऐन वेळी, आवृत्ती गोठवायला दोन-तीन आठवडे राहिले असताना, ज्यांचं काम त्याने मोडणार होतं त्यांनी आवाज उठवला. 'चार वर्षं कुठे होतात?' असं विचारून त्यांना गप्प करता आलं असतं. परिषदेने बदल पुढे ढकलला. शेवटी त्याच प्रश्नावरचा दुसरा, जास्त पोक्त उपाय ऑक्टोबर २०२५ च्या आवृत्तीत आला. मंजूर झालेला ठरावही थांबवता येतो, आणि त्यात कोणाची नाचक्की होत नाही.

तिसरी गोष्ट 'हो'ची. पायथनच्या पोटात सुरुवातीच्या काळापासून एक कुलूप आहे. स्वयंपाकघरात चार जणी असल्या तरी किल्ली एकीच्याच हाती, बाकीच्यांनी थांबायचं. ते काढायचे प्रयत्न १९९० च्या दशकापासून झाले, पण काढलं की साधं काम मंदावायचं. २०२३ मध्ये सॅम ग्रॉस यांनी पेप ७०३ आणला. परिषदेने त्याला सरसकट 'हो' म्हटलं नाही. टप्प्याटप्प्याने करू, आधी प्रायोगिक ठेवू, लोकांना जाच होतो असं दिसलं तर मागे फिरू, अशी मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२४ ला प्रायोगिक रूप आलं. वर्षभराने त्याला अधिकृत आधार मिळाला, तरी नेहमीच्या पायथनमधलं कुलूप तेव्हाही तसंच ठेवलं.

सगळं गोडीगुलाबीत चाललं आहे असं मात्र समजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये परिषदेने एका जुन्या सहकाऱ्याला वर्तनाच्या कारणावरून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं, तेव्हा मोठी खडाजंगी झाली. पाच माणसं म्हणजे काही देव नव्हेत. पण राग एका माणसावर न कोसळता पाचांत वाटला गेला. आणि पुढच्या निवडणुकीत तो मतपेटीतून दाखवायची सोयही होती.

आपल्या मंडळात

हे सगळं मी इथे का सांगतो आहे? परदेशातली आपली बहुतेक मंडळं अशाच एखाद्या गिडोने, किंवा गिडो-वहिनींनी, उभी केली. स्वतःच्या गॅरेजमध्ये सतरंज्या ठेवल्या, गणपतीची मूर्ती भारतातून सामानात बांधून आणली, पहिल्या दिवाळी अंकासाठी हाताने पानं जुळवली. वर्षानुवर्षं शब्द त्यांचाच चालला आणि तो बहुधा योग्यही असे. आता ती पिढी सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्यामागे कोण, हा प्रश्न आपण चहाच्या टेबलाशी कुजबुजतो, सभेत काढत नाही. नवी मुलं सूचना घेऊन येतात. 'हे आपण पूर्वी करून पाहिलंय' असं उत्तर मिळतं. कधी केलं, का जमलं नाही, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मुलं पुढच्या वर्षी येत नाहीत.

त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. पण 'नाही' म्हणताना कारण लिहून ठेवलं नाही, तर ऐकणाऱ्याला ते कारण 'तुम्ही' असंच वाटतं. पायथनच्या कागदांतून मी तरी एवढंच शिकलो. दरवेळी सर्वोत्तम कल्पना निवडली जाईल याची हमी कुठलीच पद्धत देत नाही. मात्र हरलेल्याला पुढच्या बैठकीला यावंसं वाटेल, आणि जिंकवून देणाऱ्याला थकून खुर्ची सोडावी लागणार नाही, एवढी व्यवस्था नक्की करता येते. तिला खर्च नाही. सूचना लेखी घ्यावी, विरोधी मत सूचकानेच लिहावं, चर्चेला शेवटची तारीख असावी, निकाल पाचांनी द्यावा, आणि नामंजूर ठरावही कारणासकट वहीत राहावा.

पायथनची नवी आवृत्ती २०१९ नंतर दर ऑक्टोबरला येत आली आहे आणि तिच्यामागोमाग परिषदेची निवडणूक. साधारण त्याच दिवसांत, दिवाळीचा फराळ संपत आला की, आपलीही वार्षिक सभा असते. यंदाच्या सभेत इतिवृत्ताची एक वेगळी वही सुरू करावी, नामंजूर सूचनांची, असा ठराव मी मांडणार आहे. सूचक मी आहेच. अनुमोदक हवा आहे. आणि ज्यांना ही कल्पना निरर्थक वाटते त्यांनी आपली कारणं मला आधी कळवावीत. ती त्या ठरावात, त्यांच्याच शब्दांत, मी लिहीन.